देवराई वाचवायची तर सुरुवात ओढ्यापासून करा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. गाव पुण्याच्या पश्चिमेला, मुळशीच्या वाटेवर. 2021 मध्ये महापालिकेत आलेल्या 23 गावांपैकी एक. गावाच्या कडेला भैरोबाची देवराई, जेमतेम दोन एकरांची, आणि तिच्यातून वाहणारा ओढा. वरच्या अंगाला सोसायट्या उभ्या राहिल्या. आता ओढ्याला वास येतो, काठ ढासळतो आहे, राईत घाणेरीचं तण माजलं आहे आणि जुन्या झाडांखाली त्यांचं पिल्लू-रोप दिसेनासं झालं आहे. एक कंपनी 3,000 रोपं द्यायला तयार आहे. महापालिकेकडून ओढ्याला दगडी भिंत मिळू शकते. ग्रामस्थांना देवळासमोर पेव्हर ब्लॉक हवे आहेत. येत्या पावसाळ्यात सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलं आहे.

माझं उत्तर तुम्हाला आवडणार नाही कदाचित, पण पूर्ण विचारान्ती देतो आहे. ओढ्याचा काठ वगळता पहिले दोन पावसाळे राईच्या आत एकही रोप लावू नका. भिंत नको, ब्लॉक नकोत. सगळी ताकद ओढ्याच्या पाण्यावर आणि घाणेरीवर लावा. तिसऱ्या वर्षी राई स्वतः काय उगवते ते पाहून मगच कुदळ हातात घ्या.

कारण सांगतो. मुळशी-मावळच्या जुन्या रायांत काय असतं ते आठवून पाहा. बेहडा, आंबा, जांभूळ, पारजांभूळ, अंजनी, पिसा, उंबर, कुठे भेरली माड. वर चढलेली गारंबी, पळसवेल. ओढ्याकाठी करंज, वाळुंज, ताम्हण. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात या राया पालथ्या घातल्या, तेव्हा आजूबाजूच्या डोंगरांवरून नाहीशा झालेल्या कितीतरी वनस्पती त्यांना देवाच्या नावाने राखलेल्या एवढ्याशा तुकड्यांत टिकलेल्या सापडल्या. पण झाडांची यादी ही राईची अर्धीच गोष्ट. बाकीची अर्धी जमिनीवर आणि जमिनीत असते: पिढ्यान्‌पिढ्या कुणी न उचललेला पालापाचोळा, कुजणारे ओंडके, त्यांवरच्या बुरशा, वाळव्या, गोमा, गांडुळं, मुळांशी जोडलेले बुरशीचे धागे. ही जमीन नर्सरीतून विकत मिळत नाही. 3,000 रोपं लावायची म्हणजे 3,000 खड्डे खणायचे. दोन एकरांत तेवढे खड्डे घेतले की जुन्या झाडांची वरवर पसरलेली मुळं तुटतात, आपोआप रुजलेली बोटभर रोपं तुडवली जातात आणि वरचा थर उलटापालटा होऊन घाणेरी-रानमोडी या तणांच्या बियांना मोकळी जागा मिळते. उघड्या माळावर जे काम उपकाराचं ठरतं, तेच इथे अपाय करतं.

मियावाकी पद्धतीबद्दलही तुम्ही विचारलं आहे. अकिरा मियावाकी या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञाने ती पद्धत जंगल नष्ट झालेल्या जागांसाठी रूढ केली. कारखान्यांची आवारं, रस्त्यांच्या कडा, भराव टाकलेल्या जमिनी. चौरस मीटरला तीन-चार रोपं, माती खोलवर सैल करून, खत घालून. तुमच्याकडे जंगल उभं आहे, माती जिवंत आहे. तिथे माती सैल करण्याचं काहीच कारण नाही.

आता आकाराचा मुद्दा, कारण लहान राईचं दुखणं मुळात तिथेच आहे. दोन एकर म्हणजे साधारण 8,000 चौरस मीटर. राई चौकोनी धरली तर बाजू सुमारे 90 मीटर. बाहेरचं ऊन, वारा, उष्णता, तणांचं बी आणि उजेड कडेकडून आत शिरतात. हा शिरकाव फक्त 20 मीटरपर्यंत धरला तरी मधोमध 50 बाय 50 मीटरचाच तुकडा खऱ्या अर्थाने जुन्या जंगलासारखा दमट आणि अंधारा राहतो, म्हणजे एकूण जागेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. राई लांबट असेल तर तेवढाही नाही. म्हणून लागवड करायचीच असेल तर राईच्या बाहेर करा. कडेला करवंद, निर्गुडी, चिल्हार, सागरगोटा अशा काटेरी आणि दाट झुडपांचं कुंपण, त्याला लागून करंज, उंबर, शिवण, काकड. शेजारच्या सोसायटीची मोकळी जागा राईला लागून असेल तर त्यांच्याकडे दहा-पंधरा मीटरची पट्टी मागा. तिथे लॉनऐवजी ही झाडी आली की कंपनीच्या रोपांनाही जागा मिळते आणि आतला दमटपणा टिकतो. बकऱ्या अडवायला हे कुंपण तारेपेक्षा चांगलं. तारेची जाळी उदमांजर, साळिंदर, मुंगूस यांचीही वाट बंद करते.

ओढ्याकडे येऊ. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण राईचा जीव ओढ्यावर आहे आणि ओढ्याचं दुखणं राईच्या बाहेर आहे.

सगळ्यात आधी ओढा वरपर्यंत चाला. फेब्रुवारी-मार्चमध्ये चाला, पावसाळ्यात नाही. आपल्याकडचा असा ओढा मूळचा पावसाळी. माघ-फाल्गुनात त्यात झऱ्याचा ओलावा आणि डबकी उरायला हवीत. उन्हाळ्यातही तो जोरात वाहत असेल, तर आनंद मानू नका. ते पाणी सोसायटीचं आहे. प्रत्येक पाइप, प्रत्येक चेंबर, प्रत्येक मोरी नकाशावर मांडा. फोटो, तारीख, वेळ. सकाळी सात ते नऊ या वेळात पुन्हा चाला, कारण सांडपाण्याचा मुख्य लोंढा तेव्हा येतो. पांढरट, फेसाळ पाणी दिसलं तर ते कपडे-भांड्यांचं. राखाडी-काळं आणि सडक्या अंड्याचा वास असलेलं पाणी मैल्याचं. नव्याने समाविष्ट गावांत बांधकामाची परवानगी एका कार्यालयाची आणि ड्रेनेजची जबाबदारी दुसऱ्याची, असा घोळ असतो. म्हणून तक्रार एकत्र ठोकळ न करता पाइपवार करा. "ओढा प्रदूषित आहे" या अर्जाला उत्तर येत नाही. "अमुक सर्व्हे नंबरजवळच्या चेंबरमधून सकाळी मैला ओढ्यात येतो" या अर्जाला कुणाला तरी सही करून उत्तर द्यावं लागतं.

बहुतेक ठिकाणी आढळतं ते असं: सोसायटीचा एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) कागदावर चालू, प्रत्यक्षात वीजबिल वाचवायला बंद. किंवा ड्रेनेज लाइन ओढ्याच्या पात्रातूनच टाकलेली आणि चेंबरची झाकणं पुरात उखडलेली. दोन्हीवर उपाय आहे आणि दोन्ही राईच्या बाहेर आहेत. काही घरांचं पाणी लाइनला जोडणं शक्यच नसेल तर वरच्या बाजूला, राईत शिरण्याआधी, खडी-वाळूच्या वाफ्यात पाणकणीस, कर्दळ, वाळा लावून ते पाणी गाळून घेता येतं. पण तो वाफा राईत नको आणि ओढ्याच्या मुख्य धारेत तर नकोच नको. पहिल्याच पुरात वाहून जातो. शिवाय असा वाफा मोजक्या घरांच्या पाण्याला पुरतो, 200 फ्लॅटच्या मैल्याला नाही.

पाणी सुधारतंय का हे बघायला प्रयोगशाळा हवीच असं नाही. ओढ्यातले मुठीएवढे दगड उचला आणि खालची बाजू पाहा. चपट्या अंगाच्या, दोन-तीन शेपट्यांच्या मेफ्लाय या पाणकिड्याच्या अळ्या आणि वाळूच्या कणांची नळीसारखी घरं करून राहणारे किडे दिसले तर पाण्यात प्राणवायू आहे. फक्त लाल, दोऱ्यासारख्या वळवळणाऱ्या अळ्या आणि शेवाळाचा बुळबुळीत थर असेल तर नाही. आपल्या ओढ्यांतल्या माशांना लिटरमागे चार-पाच मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू लागतो. मैला मिसळला की हे प्रमाण एका रात्रीत तळाला जातं. गावातल्या शाळेच्या मुलांना महिन्यातून एकदा ठरलेल्या दहा जागांवरचे दगड उलटून नोंद ठेवायला सांगा आणि दगड परत होते तसेच ठेवायला शिकवा. दोन वर्षांची अशी वही कुठल्याही अहवालाच्या तोडीची असते.

दुसरं दुखणं पुराचं. टेकडी उघडी असताना पडलेला पाऊस मुरमात मुरत, पाझरत, दोन दिवसांनी ओढ्यात येई. आता गच्च्या, पार्किंग आणि काँक्रीटचे रस्ते यांवरून तोच पाऊस अर्ध्या तासात येतो. ओढ्याला एवढं पाणी एकदम वाहून न्यायचं असतं, म्हणून तो तळ खरवडून खोल होत जातो, आणि तळ खोल गेला की काठ उभा, उंच, अधांतरी होतो. तुमचा काठ ढासळतोय तो यामुळे. ओढा खाली गेला की काठच्या जमिनीतलं पाणीही त्याच्यामागे खाली उतरतं, आणि डिसेंबरातच राईची जमीन कोरडी पडू लागते. नवी रोपं न टिकण्यामागे हे एक मोठं, न दिसणारं कारण आहे.

भिंत बांधल्याने यातलं काय सुटेल? भिंतीमुळे पाणी आणखी वेगाने धावतं, तळ आणखी खोदला जातो, आणि भिंत संपते तिथे खालच्या वस्तीचा काठ तुटतो. काठातून ओढ्यात पाझरणारे झरे भिंतीमागे कोंडले जातात. उंबर-करंजाची पाण्यात उतरलेली मुळं, ज्यांच्या सावलीत मासे आणि खेकडे राहतात, ती पाया खणतानाच तुटतात. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने पुण्यात जे केलं ते आपण सर्वांनी पाहिलं. माणसं गेली, संसार वाहून गेले. ओढ्याची जागा आवळून त्याला सरळ, अरुंद वाट दिली की तो कधीतरी ती जागा परत मागतो. तुमच्या राईतले दोन काठ हीच तुमच्या गावासाठी पूर पसरायची मोकळी जागा आहे. ती तशीच राहणं खालच्या घरांच्याही हिताचं आहे. महापालिकेशी बोलताना हा मुद्दा जैवविविधतेच्या आधी मांडा.

मग काय करायचं? वरच्या सोसायट्यांनी गच्चीचं पाणी शोषखड्ड्यांत आणि बोअरवेलच्या पुनर्भरणात सोडावं. त्यांचे पावसाचे पाइप थेट काठावर न संपवता आधी दगडांच्या पसरट गादीवर सोडावेत. राईत ओढ्याच्या तळात त्याच ओढ्यातले मोठे धोंडे आडवे, उतरंडीने रचून तळ पुन्हा थोडा उचलून धरता येतो. त्यातून लहान डोह आणि खळाळ तयार होतात. सिमेंट नको, बाहेरचा फोडलेला खडकही नको. काठाला वाळुंजाच्या अंगठ्याएवढ्या जाड फांद्या पावसाच्या तोंडावर तिरप्या खोचून ठेवा, मुळं फुटतात. निर्गुडीही फांदीने लागते. अगदी धारेत, दगडांच्या फटींत, शेरणीचं झुडूप लावलं तर पुरात ते वाकतं, मोडत नाही. ओढ्यात एखादं झाड पडलं तर ते कापून बाहेर ओढू नका. खालच्या मोरीत अडकण्याची भीती असेल तर काठाला समांतर फिरवून दोराने बांधा. त्या ओंडक्यामागे साचणारा पाचोळा हेच ओढ्यातल्या निम्म्या जीवांचं अन्न आहे.

एक तातडीचं काम एप्रिल-मेमधलं. पावसाळापूर्व नालेसफाईत जेसीबी पात्रात उतरतो आणि दोन तासांत तळ सपाट करून, काठची झाडी ओरबाडून निघून जातो. वर्षभराचं काम तिथेच संपतं. राईच्या हद्दीपुरता जेसीबी उतरू नये, प्लास्टिक हाताने काढू, अशी लेखी विनंती मार्चमध्येच क्षेत्रीय कार्यालयात द्या. त्या दिवशी गावातली दहा माणसं प्रत्यक्ष तिथे उभी असू द्या. आणि प्लास्टिक खरोखर हाताने काढा, नाहीतर पुढल्या वर्षी तुमचं कुणी ऐकणार नाही.

माशांविषयी तुम्ही काही विचारलेलं नाही, पण मला ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. मृगाच्या पहिल्या पाण्याला नदीतून वर ओढ्यात अंडी घालायला येणारे चढणीचे मासे तुमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले असणार. त्यांना विचारा कुठपर्यंत येत असत. आज ते जिथे थांबतात तिथे बहुधा रस्त्याखालची मोरी असते: पाइपचं खालचं तोंड पाण्यापासून फूटभर उंच लटकलेलं. बोटभर मुरी किंवा दांडवण एवढी उडी मारू शकत नाही. मोरी तोडायची गरज नसते. पाइपच्या खालच्या बाजूला धोंड्यांची उतरती रांग रचून पाण्याची पातळी पाइपच्या तोंडापर्यंत आणली की वाट मोकळी होते. मळ्या मासा तर तोंडाखालच्या चकतीने दगडाला धरून धारेविरुद्ध चढतो, त्याला फक्त ओला खडक हवा. खर्च एका मजूर-टोळीच्या काही दिवसांचा. बाहेरचे मासे आणून मात्र सोडू नका. डासांसाठी गप्पी सोडायची फार घाई असते. गप्पी आणि तिलापिया देशी माशांची पिल्लं, बेडूकमासे, अंडी सगळं खातात. पाणी वाहतं आणि स्वच्छ असलं की चतुर-टाचण्यांच्या अळ्या आणि देशी मासे डासांचं पुरेसं बघून घेतात. लहान जागेतल्या पाण्याला कमी लेखू नये. आंबोलीत हिरण्यकेशीच्या देवळापाशी असाच एक छोटा मासा सापडला, 2020 मध्ये विज्ञानाला नवा म्हणून त्याचं वर्णन झालं, आणि पुढच्याच वर्षी त्या सव्वादोन हेक्टरही नसलेल्या जागेला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. देवाच्या पाण्यात कुणी हात घातला नाही म्हणूनच तो उरला.

घाणेरीकडे वळतो. ती वरून छाटली तर दुप्पट फुटते, जाळली तर राईच जळते. खोड जिथे मुळाला मिळतं त्याच्या थोडं खाली, जमिनीत चार-पाच सेंटीमीटरवर, कुदळीच्या एका घावात तोडायचं आणि झुडूप उलटं करून जागेवरच वाळू द्यायचं. फळं धरायच्या आत, ओल असताना. रानमोडी डिसेंबरात फुलते, तिला दिवाळीपर्यंत उपटून संपवा. पण सगळी राई एका दमात साफ करू नका. सिडनीतल्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी 1960 च्या दशकापासून शहरातल्या जंगलाच्या तुकड्यांवर काम करून एक शिस्त बसवली, ती जगभर वापरली जाते: सुरुवात सगळ्यात चांगल्या भागापासून करायची, माती शक्य तितकी कमी हलवायची, आणि देशी रोपं जेवढी जागा व्यापतील तेवढंच तण पुढे काढायचं. लोकांना उलटं करायची सवय असते. सगळ्यात घाण कोपरा आधी साफ करावासा वाटतो, कारण फरक दिसतो. तुम्ही भैरोबाच्या मागच्या दाट भागातून बाहेर या. घाणेरीची जाळी काढल्यावर ऊन एकदम आत येतं, म्हणून पाच-सहा मीटरच्या पट्ट्याने चला. आणि त्या जाळीत मुनिया, बुलबुल यांची घरटी असतात, तेव्हा काढण्याआधी आत डोकावून पाहा. सुबाभूळ आणि गिरिपुष्प या परदेशी जातींची मोठी झाडं काढायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्या. परवानगीशिवाय साल काढणंसुद्धा गुन्ह्यात धरलं जाऊ शकतं. तोपर्यंत त्यांच्या शेंगा आणि रोपं काढत राहा.

वेली मात्र कापू नका. गारंबीने झाड मारलं असं गावात कुणीतरी म्हणतंच. शतकभराची गारंबी हे राईचं वय सांगणारं सगळ्यात भरवशाचं लक्षण आहे, आणि तिच्यावरून खारी, वानरं, उदमांजरं या झाडावरून त्या झाडावर जातात. वाळलेलं झाडही उभं राहू द्या, वाटेवर पडण्याचा धोका नसेल तर. तांबट, सुतार, पिंगळा यांना ढोल्या तिथेच मिळतात.

जुन्या झाडांखाली पिल्लू का नाही, याचं उत्तर झाडागणिक वेगळं मिळेल, म्हणून एकेका जातीचा माग काढा. बेहड्याखाली रोपं उगवून मरत असतील तर पायवाट किंवा बकऱ्या. जांभळाखाली उगवतच नसतील तर कुणीतरी रोज झाडलोट करतंय. पिसा, मैदालकडी, टेंभुर्णी, पुत्रवंती यांच्यात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. राईत एकच उरलं असेल तर ते फुलेल, पण रुजणारं बी होणार नाही, शंभर वर्षं उभं राहिलं तरी. अशा एकट्या झाडांची यादी करा. तिसऱ्या वर्षीची तुमची सगळी लागवड या यादीतून ठरली पाहिजे. बी त्याच खोऱ्यातल्या दुसऱ्या राईतून आणा, तिथल्या गावाला आणि देवाला विचारून. जांभूळ, आंबा यांचं बी साठवणीत मरतं, ते गोळा केल्यावर आठवड्याच्या आत मातीत गेलं पाहिजे. रोपवाटिका राईच्या बाहेर गावातच करा आणि प्रत्येक पिशवीत राईतली मूठभर माती विरजणासारखी घाला, म्हणजे तिथली बुरशी रोपाच्या मुळांना लहानपणीच भेटते. अशी 60-70 रोपं, योग्य जागी, तीन उन्हाळे जगवलेली, ही तुमच्या राईसाठी खरी गरज असेल. 3,000 नव्हे.

देवळाचं काम नाजूक आहे, पण टाळू नका. राई टिकली ती भैरोबामुळे, शासनामुळे नाही. तेव्हा आपण बाहेरून आलेले जाणकार म्हणून गावाला शिकवायला जाऊ नये. गुरवाला, जुन्या मानकऱ्यांना बरोबर घेऊन राईत बसा. वाळकी काटकीसुद्धा घरी नेऊ नये हा नियम त्यांनी सांगितलेला, तुम्ही फक्त त्याची आठवण करून द्या. कौल लावायची रीत असेल तर कामाआधी लावा. मग मागण्या मांडा: देवळापर्यंत एकच पायवाट, मातीची किंवा सुट्या दगडांची, झाडांच्या बुंध्याभोवतीचे सिमेंटचे पार फोडून मूळ मोकळं करायचं, बसायला दगडी पार थोडा दूर, प्रखर दिव्यांऐवजी जत्रेपुरते खाली वळवलेले दिवे, निर्माल्याला बाहेर खड्डा, आणि झाडू फक्त देवळाच्या अंगणापुरता. रात्रभर दिवा लागलेल्या राईत वटवाघळं येत नाहीत, आणि मोठ्या फळांच्या बिया लांबवर नेण्याचं बरंचसं काम तीच करतात.

कागदपत्रं समांतर चालू ठेवा. सातबारा काढा. जमीन देवस्थान इनाम आहे, गायरान आहे, वनखात्याची आहे की कुणा कुटुंबाच्या नावावर, यावर पुढचं सगळं अवलंबून. विकास आराखड्यात त्या जागेवर कोणतं आरक्षण दाखवलं आहे ते तपासा. "उद्यान" असेल तर निर्धास्त राहू नका. उद्यान म्हटलं की जॉगिंग ट्रॅक, ओपन जिम आणि लॉन येतं. हरकती-सूचनांच्या मुदतीत ते बदलून मागा. राज्याच्या 1975 च्या वृक्ष कायद्यात 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष मानलं आहे. तुमचं जवळपास प्रत्येक मोठं झाड त्यात बसेल, तेव्हा घेर मोजून, फोटोसह यादी वृक्ष प्राधिकरणाला द्या. 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली महापालिकेची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. लोकजैवविविधता नोंदवहीत राईची आणि ओढ्याची नोंद करून घ्या. त्याच कायद्याच्या कलम 37 खाली जैविक वारसा स्थळाचा प्रस्ताव राज्य शासनाकडे जाऊ शकतो. त्याला वेळ लागतो, पण प्रस्ताव विचाराधीन असणं हीसुद्धा एक ढाल असते.

राहिला कंपनीचा प्रश्न. त्यांना रोपांचा आकडा हवा असतो कारण तो अहवालात लिहिता येतो. त्यांना दुसरे आकडे द्या: बंद झालेले सांडपाण्याचे पाइप, घाणेरीमुक्त झालेले चौरस मीटर, ज्या दगडांखाली मेफ्लाय परत आल्या त्या जागा, आपोआप रुजलेली रोपं. पैसा दोन स्थानिक माणसांच्या पाच वर्षांच्या पगारावर लावायला सांगा. एक राईत रोज चक्कर मारून तण, बकऱ्या, कचरा बघणारा, दुसरी रोपवाटिका आणि नोंदवही सांभाळणारी. रोपं फुकट मिळतात. पाचव्या वर्षीही रोज तिथे जाणारा माणूस मिळत नाही, आणि राई टिकते ती त्याच्यामुळे. हे कंपनीला मान्य नसेल तर त्यांची 3,000 रोपं सोसायट्यांच्या आवारात आणि रस्त्याच्या कडेला लावा. तिथेही सावली हवीच आहे.